चिंचोक्यांचे सैन्य आणि प्लॅस्टरचा सह्याद्री

गेल्या दिवाळीत उमरीतल्या एका किल्लेस्पर्धेला परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. मराठीचा प्राध्यापक म्हणजे इतिहासाचाही जाणकार, असा आपल्याकडे एक समज आहे. त्याचाच हा प्रसाद. पहिले बक्षीस बाजारातून आणलेल्या प्लॅस्टरच्या प्रतापगडाला मिळाले. शेवटच्या क्रमांकाचा किल्ला चार मुलांनी मिळून केला होता. तो गुडघ्याएवढाही उंच नव्हता. चौकोनी तट, कोपऱ्यांवर बुरुज आणि भोवती पाण्याने भरलेला खंदक. 'ह्यात डोंगर कुठे आहे?' असे माझ्या सहपरीक्षकांनी विचारले. 'सर, कंधारचा किल्ला जमिनीवरच हाय,' असे उत्तर आले. गुणपत्रिकेतला 'डोंगर व परिसर' हा रकाना कोरा राहिला आणि मुले तळाला गेली. त्या निकालपत्रावर माझीही सही आहे. ती चूक होती, आणि का होती, हे सांगण्यासाठी हे लिहितो आहे.

प्रथम त्या किल्ल्याच्या खर्चाविषयी. मुलांचा एक रुपयाही खर्च झाला नव्हता. पहिला तट त्यांनी काळ्या मातीचा केला आणि तो दोन दिवसांत तडकला. काळी माती ओली असताना फुगते, वाळताना आकसते. आपल्या शेतातल्या उन्हाळी भेगा त्याच स्वभावाच्या. मग त्यांनी एका पडक्या घराची पांढरी माती आणली, तीत भुसा आणि शेण कालवले, आणि तट उभा राहिला. शेतातली ती काळी आणि गावठाणातली ती पांढरी, हे आपण ग्रामव्यवस्थेच्या धड्यात वाचलेले. मुलांना ते हाताने कळले. मराठवाड्यातल्या गढ्यांच्या भिंती आणि धाब्याची छते ह्याच पांढऱ्या मातीने पिढ्यान्‌पिढ्या तगली. बुरुजांसाठी त्यांनी डब्यात माती ठासून डबा पालथा घातला. खंदकाला खताच्या पोत्यातले प्लॅस्टिक अंथरले. तटाबाहेर मोहरी पेरली. आमच्याकडे दिवाळीत शेणाच्या गवळणी घालतात. ते काम घरातल्या बायकांच्या हाताखाली केलेल्या मुलांना मातीची भीती वाटत नाही.

परंतु खरी गोष्ट पुढेच आहे. हा किल्ला मांडून ठेवण्यासाठी नव्हता, खेळण्यासाठी होता. चिंचोके हे सैन्य. फोडलेले चिंचोके हे फासे. पांढरी बाजू जितकी वर, तितकी पावले. खंदक ओलांडायचा तर दोन डाव थांबायचे. बुरुजाआडच्या गड्याला मारता येत नाही. मोहरीच्या रानात शिरलेले सैन्य निम्म्या चालीने चालते. म्हणजे तिथली प्रत्येक गोष्ट काही तरी करत होती. प्रतापगडावर मात्र रंगवलेले मावळे गोंदाने चिकटवलेले होते आणि अफजलखानाची छावणी कुठे पडली होती, हे तो आणणाऱ्या मुलाला ठाऊक नव्हते. दोष त्या मुलाचा नाही. विकत घेतलेल्या भूमीला प्रश्न विचारण्याची गरजच पडत नाही.

युद्धखेळांच्या इतिहासातही हाच धडा आहे. प्रशियात राइसविट्झ नावाच्या सरकारी अधिकाऱ्याने असा खेळ ओल्या वाळूत मांडला होता. राजाने तो पाहण्याची इच्छा व्यक्त केली, तेव्हा वाळू राजाला शोभणार नाही म्हणून त्याने १८१२ साली नदी-टेकड्यांच्या घडीव तुकड्यांचे भारी टेबल करून दिले. ते राजवाड्यात राहिले. सैन्यात पसरला तो त्याच्या मुलाने १८२४ साली कागदी नकाशावर आणलेला खेळ. जे स्वस्त होते तेच शिकवू शकले. जे देखणे होते ते फर्निचर झाले.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, हल्ली मुलांना वेळ नाही आणि पालकांना चिखल नको. हा आक्षेप प्रामाणिक आहे; मग ज्याला वेळ नाही त्याने किल्ला करू नये. विकत आणलेल्या किल्ल्याला 'केलेला' म्हणून बक्षीस देण्याचे कारण त्यातून निघत नाही. दुसरा आक्षेप आदराचा: शिवछत्रपतींचे गड सोडून हे भुईकोट कशाला? पण शिवरायांचे दुर्गकारण म्हणजे पायाखालच्या भूमीचे अचूक वाचन. त्याचा आदर करायचा तर आपणही आपली भूमी वाचायला हवी.

२०२५ साली युनेस्कोने मराठा लष्करी भूदृश्यांतले बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यांत मराठवाड्यातला एकही नाही, आणि त्यात तक्रारीचे कारणही नाही. ती यादी वेगळ्या गोष्टीची आहे. तक्रार आहे ती आपल्याविषयी. आपल्या मुलुखात कंधार आहे, औसा आहे. उदगीर आहे, जिथे १७६० साली सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवले. आणि खुद्द उमरीत? हैदराबाद मुक्तिसंग्रामात, १९४८ साली, कार्यकर्त्यांनी इथली बँक लुटून तो पैसा लढ्याला दिला. बँक, स्थानक, रूळ, सरहद्दीपर्यंतची वाट: खोक्याच्या पुठ्ठ्यात आणि काडेपेट्यांत उभा राहील असा हा पट आहे. उमरीच्या कोणत्याही अंगणात तो मांडलेला मी पाहिलेला नाही. कारण 'इतिहास म्हणजे डोंगर' असे आपण गुणपत्रिकेतच छापून ठेवले आहे.

देशीवादावर शोधनिबंध लिहिणाऱ्या, लिहवून घेणाऱ्या आपणा सर्वांना हे लागू आहे. आपले विद्यार्थी पहिली कथा लिहितात तेव्हा तिच्यात कौलारू घर असते, धुके असते, दरी असते; ढेकळे, भेगा आणि पडकी गढी क्वचितच असते. उसनी भूमी आणि चिकटवलेली माणसे हा तिथलाही दोष आहे. त्यालाही आपण 'निसर्गवर्णन उत्तम' असा शेरा देऊन गुण देतो.

पुढच्या दिवाळीत मला बोलावले, तर माझी अट एवढीच असेल: 'डोंगर व परिसर' हा रकाना काढावा आणि त्या जागी 'माती कुठली?' हा प्रश्न घालावा. ज्याला त्याचे उत्तर देता येत नाही, त्याचा किल्ला कितीही उंच असो, स्पर्धेबाहेर. आणि त्या चौघांकडे मी त्याआधीच जाऊन येणार आहे. त्यांच्या खेळात खंदक फोडण्याचा एक नियम होता, तो मला त्या दिवशी नीट समजला नव्हता.