कॅमेऱ्याचे तोंड कुणाकडे?

गोंदिया जिल्ह्यात रोवणी लागली की वस्त्या सकाळीच ओस पडतात. बाया बांधीच्या चिखलात उतरतात, पुरुष मिळेल त्या कामाला जातात आणि शाळेतून परतलेली पोरे दिवस मावळेपर्यंत घरात एकटी असतात. अशाच दिवसांत अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका वस्तीत, विहारातली वंदना आटोपल्यावर एका आईने आम्हाला थांबवले. ‘‘भाऊ, पोरीच्या खोलीत कॅमेरा लावून देऊ का जी? मोबाईलवर दिसते म्हणतात. बांधीत राहून बी पोरीवर ध्यान राहीन.’’ मुलगी आठवीत आहे. बिनवायरचा कॅमेरा दोन-अडीच हजारांना मिळतो, म्हणजे रोवणीच्या कितीतरी दिवसांची मजुरी. ती खर्चायला ही आई तयार होती.

कोणता कॅमेरा घ्यावा, एवढेच तिने विचारले होते. कोणावर आणि कोणासाठी लावायचा, हा प्रश्न आम्हाला त्याआधीचा वाटतो. म्हणून हा लेख.

या आईची भीती खोटी नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुकल्यांवर अत्याचार झाला. पालकांना तक्रार नोंदवण्यासाठी पोलीस ठाण्यात तासन्‌तास बसावे लागले. २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले, तेव्हा कुठे सरकार हलले. दुसऱ्याच दिवशी शाळांमध्ये एका महिन्यात सीसीटीव्ही बसवण्याचा शासन निर्णय निघाला. पण त्याच शाळेतले पंधरा दिवसांचे चित्रण गायब असल्याचे खुद्द तेव्हाच्या शिक्षणमंत्र्यांनी सांगितले होते, हे किती जणांच्या लक्षात आहे? कॅमेरा होता. तो कोण तपासतो आणि त्याची नोंद कोणाच्या ताब्यात असते, हे मात्र कोणी विचारले नव्हते. त्या चिमुकल्यांचे दुखणे आधी त्यांच्या घरच्यांनी ऐकले, कॅमेऱ्याने नाही.

आता घरातली गोष्ट. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये तेरा राज्यांतल्या बारा हजारांहून अधिक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचे सांगितले, आणि छळणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे ओळखीचे किंवा विश्वासातले होते. म्हणजे धोका पुष्कळदा उंबरठ्याच्या आतला असतो. काका, मामा, शेजारी, शिकवणीचा मास्तर. मग कॅमेऱ्याचा पासवर्ड कोणाकडे जाणार? आईला ॲप जमत नाही म्हणून जोडणी करून देतो तो हाच भाचा, हाच शेजारी. ज्याच्यापासून राखायचे, त्याच्याच मोबाईलवर मुलीची खोली चोवीस तास उघडी!

परक्यांचे तर विचारूच नका. डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात आठ वर्षांच्या मुलीच्या खोलीतल्या कॅमेऱ्यातून एक अनोळखी पुरुष तिच्याशी बोलू लागला. तो कॅमेरा तिच्या आईनेच काळजीपोटी लावला होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातले स्त्रियांच्या तपासणीचे चित्रण इंटरनेटवर विकले जात असल्याचे उघड झाले. अटक झालेल्यांत महाराष्ट्रातलेही तरुण होते. अशा प्रकरणांत दार बहुतेक वेळा सोप्या किंवा कधीच न बदललेल्या पासवर्डमुळे उघडते.

पण आम्हा आंबेडकरवाद्यांपुढे याहून खोल प्रश्न आहे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिव्यवस्थेवरील निबंधात बाबासाहेबांनी दाखवून दिले की जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्ने लावून, आणि त्यासाठी बाईवर ताबा ठेवावा लागतो. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह ही त्या ताब्याची साधने होती. मोबाईलवर दिसणारा कॅमेरा हे त्याच ताब्याचे नवे साधन होणार नाही कशावरून? पोरगी कोणाशी बोलते, कोणासाठी हसते, कोणत्या जातीच्या पोराचा फोन येतो, हे पाहायला लावलेल्या कॅमेऱ्याला सुरक्षा म्हणायचे का? आणि हे फक्त सवर्णांच्या वाड्यात होते असे समजू नका. आमच्या वस्तीतही मुलाच्या खोलीत कॅमेरा लावायचा का, असे आम्हाला आजवर एकाही बापाने विचारलेले नाही. विचारणा होते ती मुलीसाठीच. हे आपण आपल्याशी कबूल केले पाहिजे.

जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलित महिलांची परिषद भरली होती. तिथे बाबासाहेबांनी आयांना सांगितले की मुलांना शिकवा, त्यांच्यात महत्त्वाकांक्षा रुजवा, त्यांच्या मनातला न्यूनगंड काढून टाका, लग्नाची घाई करू नका. आपल्याच खोलीत, आपल्याच आईबापाच्या नजरेखाली, संशयित म्हणून वाढलेल्या मुलीचा न्यूनगंड कसा जाणार? आमच्या आज्या-पणज्यांवर गावाची नजर होती. कोणत्या वाटेने जायचे, कोणत्या विहिरीला हात लावायचा नाही, सगळे पाहिले जायचे. ती नजर झुगारून जो समाज माणूस म्हणून उभा राहिला, त्याने तीच नजर घरात लेकीवर रोखायची?

कोणी म्हणेल, खासगीपणा हे श्रीमंतांचे चोचले, एका खोलीच्या घरात कसला आलाय? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्या निकालात श्रीमंतांसाठी वेगळी ओळ नाही. आणि एका खोलीचेच म्हणाल, तर परळच्या चाळीतल्या एकाच खोलीत बाबासाहेब शिकले. रात्री दोनपर्यंत रामजी सुभेदार जागत, मग भीमाला अभ्यासाला उठवत आणि त्याच्या जागी स्वतः आडवे होत. लेकरासाठी बापाने जागणे याला आम्ही राखण म्हणतो. लेकराला न सांगता त्याच्याकडे डोळा लावून बसणे ही पाळत झाली.

तर त्या आईला आम्ही काय सांगितले? तान्हे बाळ असेल, आजारी किंवा अपंग लेकरू असेल, तर कॅमेऱ्याचा उपयोग आहे, जरूर लावा. कळत्या मुलीच्या खोलीत मात्र नको. लावायचाच तर त्याचे तोंड दाराकडे, अंगणाकडे करा. कोण आले, कोण गेले, एवढे दिसले की पुरे. मुलीला सांगून, तिला विचारून लावा. घेताना बघा की चित्रण घरच्याच मेमरी कार्डात राहते का, दुहेरी पडताळणीची सोय आहे का, कंपनी सुधारणा पाठवत राहते का. बिननावाचा स्वस्त माल टाळा. सीसीटीव्हीच्या सुरक्षा-चाचणीचे नियम केंद्र सरकारने २०२४ मध्ये काढले आहेत, तेव्हा दुकानदाराला प्रमाणपत्र विचारायला लाजू नका. डब्यातून निघालेला पासवर्ड त्याच दिवशी बदला आणि तो तुमच्याजवळच ठेवा. कार्ड भरले की जुने पुसून नवे लिहिले जाते, आणि वीज गेली की तोही झोपतो, हे विसरू नका.

एवढे केल्यावरही खरे काम उरतेच. मुलीने ‘मला त्यांची भीती वाटते’ म्हटले तर तिला गप्प करू नका, तिच्यावर विश्वास ठेवा. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक तिला पाठ करून द्या. पोक्सो कायदा २०१२ नुसार गुन्ह्याची माहिती असून न कळवणे हाही गुन्हा आहे, हे नात्यातल्या माणसांना ठणकावून सांगा. शाळेत आणि मुलींच्या वसतिगृहात जाऊन विचारा की सखी सावित्री समिती कागदावर आहे की बसते? तक्रारपेटी कोण उघडते? कॅमेरा प्रवेशद्वारावर आहे का, आणि चित्रण किती दिवस ठेवता? ज्यांच्या हाती सत्ता आहे, त्यांच्याकडे कॅमेऱ्याचे तोंड वळवणे हेच आपले काम.

आणि रोवणीच्या दिवसांत? विहार दिवसभर कुलूपबंद का असते? दुपारी ते उघडा. वस्तीतल्या दोन-तीन जाणत्या बायांनी पाळीपाळीने तिथे बसावे, पोरांनी अभ्यास करावा. ज्या बाईची त्या दिवसाची मजुरी बुडेल, ती बाकीच्यांनी वर्गणी करून भरावी. एका कॅमेऱ्याच्या पैशात हे कित्येक दिवस चालेल, आणि एका घरातल्या नव्हे, साऱ्या वस्तीतल्या लेकरांची राखण होईल.

त्या आईने ऐकून घेतले आणि म्हणाली, ‘‘पोरीलेच विचारतो पयले.’’ आमच्या मते ती योग्य ठिकाणाहून सुरुवात करते आहे.

जय भीम!