शेजारधर्म आणि मनाईहुकूम

शेजाऱ्याच्या कर्ण्याविरुद्ध सरकारदरबारी जाणे म्हणजे शेजारधर्माचा द्रोह, असे मत महाडनजीकच्या नाते या गावासारख्या ठिकाणी मोठ्या आग्रहाने मांडले जाते. आणि ते मांडणाऱ्यांत गोंगाट करणाऱ्यांबरोबर तो निमूटपणे सोसणारेही असल्यामुळे त्याचा परामर्श घेणे अगत्याचे आहे.

पूर्वपक्ष असा की, एका घरची हळदीची रात्र वर्षाकाठी एखादीच. तेवढ्यासाठी पोलीस आणले तर पिढ्यान्‌पिढ्यांचा घरोबा तुटतो. हा हिशेब वाजवणाऱ्याचा आहे. ऐकणाऱ्याच्या वाट्याला साऱ्या आळीच्या रात्री येतात. डीजेच्या ठोक्यासरशी मांडणीवरची भांडी किणकिणतात, पाळण्यातले मूल दचकून उठते आणि दम्यामुळे बसून रात्र काढणारी म्हातारी पदराचा बोळा कानांशी दाबून धरते. हे ज्याने पाहिले, त्याला घरोबा पोलिसांच्या आगमनाने तुटला असे म्हणवणार नाही.

दुसरा आक्षेप वहिवाटीचा. निदान महाड तालुक्याने तरी तो घेऊ नये. महाडच्याच चवदार तळ्याच्या दाव्यात अस्पृश्यांना पाणी नाकारणाऱ्यांनी अनादि वहिवाटीचाच आधार घेतला होता, आणि ती शाबीत झाली नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी दिला. त्या थोर लढ्याच्या पंक्तीला झोपेची तक्रार बसवण्याचा माझा मुळीच हेतू नाही. परंतु वहिवाटीचा नुसता उच्चार केल्याने हक्क सिद्ध होत नाही, हे याच भूमीत ठरले आहे. राहिला धर्म, तर ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नव्हे, असे त्याच न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले.

कायदा दुबळा आहे, हा तिसरा आक्षेप बहुधा कायदा न वाचताच घेतला जातो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली असून, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपकास बंदी केली आहे. राज्य शासन सण-उत्सवांकरिता वर्षातून फार तर १५ दिवस वाजवण्याची मुदत मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकते, सरपंच किंवा यजमान नव्हे. मर्यादेपेक्षा आवाज १० डेसिबलनी चढला, की जिल्हादंडाधिकारी किंवा उपअधीक्षकाहून कमी दर्जाचा नसलेला नियुक्त पोलीस अधिकारी यांजकडे तक्रार चालते. रात्री तातडीने ११२ क्रमांक फिरवावा. नाव उघड होईल ही धास्तीही नको, कारण तक्रारदाराची ओळख गुप्त ठेवण्याचा आदेश २०२५ च्या वरील निकालातच आहे. आवाज गिरणीचा किंवा कारखान्याचा, आणि उपद्रव साऱ्या वस्तीला होत असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ अन्वये प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. उपद्रव आपल्याच घरापुरता असेल, तर दिवाणी न्यायालयातून मनाईहुकूम मागावा. दिवाणी दावा रेंगाळतो, हे खरे. म्हणूनच तारीख, वेळ व साक्षीदार यांची टिपणवही पहिल्या रात्रीपासून ठेवावी.

अर्थात आधी दिवसाउजेडी शेजाऱ्याच्या ओटीवर जाऊन बोलावे, मग पोलीस पाटलांना मध्ये घालावे. मात्र अशा बोलण्याला वजन येते ते पाठीशी कायदा असल्यामुळे. ज्या नाते गावात १८९६ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख जन्मले, तेथे आजही मुले परीक्षेसाठी रात्री जागतात. त्यांच्याकरिता ग्रामसभेने लग्नसराईपूर्वीच ठराव करावा, आणि प्रत्येक मंडपवाल्याकडून व डीजेवाल्याकडून १० वाजता वाद्य बंद करण्याची लेखी हमी घ्यावी.