शेजारचं स्टूल

रविवारी आमच्याकडे सगळ्यांनी एकत्र जेवायचं, हा नियम या सदराच्या वाचकांना ठाऊक आहे. परवाच्या रविवारी पुण्याहून भाची आली होती. ती हिंजवडीत एका कंपनीत आहे. ताटाशेजारी फोन पालथा ठेवलेला. तो थरथरला आणि तिच्या हातातला घास तसाच राहिला. साहेबांचा मेसेज, दोनच शब्द : 'कॉल कर'. पोर गॅलरीत गेली. अर्ध्या तासाने परतली तेव्हा भातावरचं तूप थिजलं होतं. "मामा, भूकच गेली," एवढंच म्हणाली. माझा राग अजून उतरलेला नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने नैराश्य आणि चिंतेपायी जगात दरवर्षी कामाचे १२ अब्ज दिवस बुडतात. कामाची वेळ संपल्यावर फोन न उचलण्याचा हक्क मिळावा म्हणून सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं. त्याचा कायदा झालेला नाही.

भाचीच्या कंपनीत दर शुक्रवारी योगवर्ग असतो. समुपदेशकाचा नंबर भिंतीवर लावलाय. पण कोणाची चूक झाली की साहेब भर मीटिंगमध्ये विचारतात, "डोकं घरी ठेवून आलात का?" हे ऐकल्यावर शवासनात पडूनही डोळा कसा लागावा?

मला माझे बँकेतले पहिले मॅनेजर आठवले. साल १९८४, मला नोकरीला लागून तीन महिने झालेले. तेव्हा वह्या जुळल्याशिवाय कोणी घरी जात नसे. एका संध्याकाळी ४५० रुपयांचा फरक येत होता आणि काही केल्या सापडत नव्हता. पेन घामाने निसटत होतं. साहेब केबिनमधून आले, स्टूल ओढून माझ्या शेजारी बसले. म्हणाले, "फरकाला नऊने भाग जातोय. म्हणजे कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झालीय. तुम्ही वाचा, मी टिक मारतो."

४,७२५ च्या जागी ४,२७५ पडले होते. अक्षर माझंच. साहेबांनी दुरुस्तीवर सही केली, वही मिटली आणि उठून म्हणाले, "जुळलं! चहा माझ्याकडून." चूक कोणाची, हे शाखेत कोणालाच कळलं नाही. त्या रात्री मी गाढ झोपलो. पुढे त्यांच्या हाताखाली होतो तोवर माझ्या हातून काही चुकलं की आधी त्यांच्याच केबिनकडे धावायचो. लपवावीशी एकही चूक वाटली नाही.

कुठल्याही कचेरीची तब्येत मी यावरूनच ओळखतो : चुकलेला माणूस साहेबांकडे येतो, की साहेबांपासून पळतो.

भाचीच्या हाताखाली या महिन्यात दोन नवी मुलं आलीत. निघताना तिला ही गोष्ट सांगितली. चपला घालता घालता ती थांबली.

"मामा, म्हणजे अगदी शेजारी बसले?"

अगदी शेजारी.