घरची शाळा आणि रयतेचीं मुलें

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, अमेरिकेंत लाखों मुलें शाळेंत न जातां घरींच शिकतात. १९९३ पर्यंत तेथील पन्नासही राज्यांत ही गोष्ट कायदेशीर झाली. त्यांतलीं पुष्कळ कुटुंबें आपल्या चार-चार, पांच-पांच मुलांना जुन्या ग्रीक-रोमन वळणाचें शिक्षण देतात. लॅटिन भाषा, व्याकरण, तर्कशास्त्र, वक्तृत्व आणि प्राचीनांचे ग्रंथ हा त्यांचा अभ्यास. पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित घरांतूनही आतां घरच्या शाळेची गोष्ट निघूं लागली आहे. पोटाला चिमटा घेऊन पोरें शाळेंत धाडणाऱ्या रयतेनें हें श्रीमंतांचें वेड म्हणून सोडून द्यावें, कीं त्यांत आपल्या कामाचें कांहीं आहे तें पाहावें? आमचें मत असें कीं, त्यांची रीत घ्यावी, पण शाळा सोडूं नये.

प्रथम रीत काय ती समजून घेऊं. १९४७ सालीं इंग्लंडांत ऑक्सफर्ड येथें डोरोथी सेयर्स या लेखिकेनें एक भाषण केलें. तिचें म्हणणें असें कीं, शाळा विषय पुष्कळ शिकवितात, पण शिकावें कसें तें शिकवीत नाहींत. युरोपांत मध्ययुगांत विद्येच्या व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व अशा तीन पायऱ्या असत. त्या तिनें मुलांच्या वयाला लावून दाखविल्या. लहान मूल पोपटासारखें असतें. त्याला पाठांतराचा कंटाळा नसतो, म्हणून त्या वयांत पाढे, शब्द, गोष्टी, सनावळी द्याव्या. पुढें बारा-तेराव्या वर्षीं तेंच मूल उलट बोलूं लागतें, आईबापांच्या चुका काढतें. तेव्हां त्याला दटावीत न बसतां वाद नीट कसा करावा, पुरावा कसा मागावा हें शिकवावें. त्याहून मोठें झालें म्हणजे आपलें म्हणणें चार लोकांपुढें मांडावयास लावावें. १९९९ सालीं जेसी वाइज आणि सुसान वाइज बाउर या अमेरिकन मायलेकींनीं याच पायऱ्यांवर घरीं शिकविणाऱ्यांसाठीं मोठें पुस्तक लिहिलें.

पण एका आईनें निरनिराळ्या वयांचीं पांच मुलें एकदम कशीं शिकवावीं? त्याची युक्ति आपल्या तिफणीसारखी आहे. चाडें एकच, पण बी तीन नळ्यांतून तीन तासांत पडतें. जगाच्या इतिहासाचे चार भाग करून दर वर्षीं एक भाग सगळ्या घरानें मिळून घ्यावयाचा. चार वर्षांत एक फेरी, बारा वर्षांत तीन. लहान मूल गोष्ट ऐकून ती आपल्या शब्दांत परत सांगतें. मधलें सनावळी मांडतें आणि कारणें विचारतें. मोठें जुने ग्रंथ वाचून निबंध लिहितें. गणित आणि वाचन मात्र ज्याचें त्याला, त्याच्या मगदुराप्रमाणें.

यावर कोणी म्हणेल, कुणब्याच्या, सुताराच्या पोराला तर्क आणि वक्तृत्व कशाला? त्याला हाताचें काम शिकवा म्हणजे झालें. हाच प्रश्न अमेरिकेंतल्या काळ्या लोकांपुढेंही आला होता. दक्षिणेकडील कित्येक राज्यांत गुलामाला लिहावयास शिकविणें हा कायद्यानें गुन्हा होता. १८६५ सालीं गुलामगिरी मोडली. ज्या लोकांनीं ती मोडली, त्यांना जोतीराव फुल्यांनीं १८७३ मध्यें आपलें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक अर्पण केलें, हें आपण जाणतांच. पुढें त्या मुक्त झालेल्या लोकांत वाद पडला. बुकर वॉशिंग्टन यांनीं हातच्या धंद्यांच्या शिक्षणावर भर दिला. ड्युबॉइस यांनीं १९०३ सालीं उत्तर दिलें कीं, धंदा शिकावा खरा, पण उच्च विद्येचें दार आमच्या मुलांना बंद ठेवूं नये. ॲना जुलिया कूपर ही बाई गुलामींत जन्मली. ती लॅटिन शिकली, आणि वॉशिंग्टन शहरांत काळ्या मुलांना तिनें तें शिकविलें. १९१५ सालीं भावाचीं पोरकीं झालेलीं पांच नातवंडें तिनें आपल्या घरीं आणलीं. त्यांना वाढवीत असतांच १९२५ मध्यें, वयाची साठी उलटल्यावर, तिनें पॅरिसची डॉक्टर पदवी मिळविली. म्हणून ही विद्या कोणाचें वतन आहे असें आम्हांस कोणीं सांगूं नये. सावकाराचा कागद, बाजार समितीची पावती, विम्याचा करार वाचतांना व्याकरण आणि तर्कच उपयोगीं पडतात. ग्रामसभेंत उभें राहून बोलावयास वक्तृत्वच लागतें.

मग शाळाच कां सोडूं नये? कारण घरची शाळा एका आईच्या पाठीवर उभी असते. जी बाई दिवसभर मोकळी, शिकलेली आणि पोटाच्या काळजींतून सुटलेली, तिलाच ती चालवितां येते. जी बाई पहाटे ऊसतोडीला जाते तिला हें ओझें देणें म्हणजे तिच्या मुलीला घरीं धाकट्यांजवळ बसविणें होय. शिवाय विद्या घरांतच ठेवण्याची चाल आपल्या देशांत फार जुनी आहे. ज्याच्या घरीं ती होती त्याच्याच घरीं ती राहिली. ती चाल मोडण्यासाठीं जोतीराव व सावित्रीबाईंनीं १८४८ सालीं मुलींची शाळा काढली, आणि शाहू महाराजांनीं १९१७ सालीं करवीर संस्थानांत प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें. सर्व जातींचीं मुलें एका बाकावर बसतात ती जागा शाळाच आहे.

तेव्हां करावयाचें तें एवढें. दिवसाकाठीं एक तास घरचा ठेवा. जेवणें झाल्यावर सगळीं पोरें एकत्र बसवा. आईबाप निरक्षर असले तरी अडत नाहीं. मोठ्यानें वाचावें, धाकट्यानें ऐकून परत सांगावें, मधल्यानें ‘कशावरून?’ म्हणून विचारावें. त्या तासाला मुलगी भांडीं घासतांना दिसूं नये. भांडीं सर्वांनीं मिळून आधीं उरकावीं. आणि शाळेकडेही मागणी करा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणें पांचवीपर्यंतच्या शाळेंत साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक असतात. म्हणजे एका गुरुजींपुढें दोन-तीन इयत्ता येतात. अनेक वयें एकत्र शिकविण्याची ही कला त्या गुरुजींना सरकारनें नीट शिकवावी, हें व्यवस्थापन समितीच्या सभेंत जाऊन सांगा. त्या समितींत तीन चतुर्थांश जागा कायद्यानें पालकांच्या आहेत. त्या रिकाम्या ठेवूं नका.