मथळा मिळाला, बातमी रचा

दहावीच्या इंग्रजीच्या परीक्षेत बातमी लिहिण्याचा प्रश्न असतो. विद्यार्थ्याला तयार मथळा मिळतो आणि त्याखाली ठिकाण, तारीख, पहिला परिच्छेद, तपशील असा साचा भरायचा असतो. घटना घडलेली नसते, कोणाला काही विचारायचे नसते. नावे आणि आकडे मनाने घालायचे. व्याकरण बरोबर असले की गुण पदरात. या प्रश्नाला पर्याय असतो तो गोष्ट लिहिण्याचा, आणि खरे तर दोहोंत फारसा फरक उरत नाही. भाषेचा सराव म्हणून हे कोणाला खटकत नाही. पण हेच मूल घरी मोबाइल उघडते तेव्हा अशाच मनाने रचलेल्या बातम्या त्याच्यापुढे येतात, आणि त्या ओळखायच्या कशा हे त्याला कोणी शिकवलेले नसते. राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. दहा वर्षे भाषा शिकूनही तिच्यात लिहिलेले तपासता येत नसेल, तर शिकवण्यातच काहीतरी राहून गेले आहे. तपासून वाचणे हा इंग्रजीच्या तासाचाच भाग असला पाहिजे, आणि त्यासाठी इंग्रजी ‘पक्के’ होण्याची वाट पाहू नये.

याची निकड अलिबागजवळच्या मांडव्यासारख्या गावात चटकन कळते. 2020 च्या मार्चमध्ये मुंबईतल्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली, 2024 च्या जानेवारीत अटल सेतू खुला झाला, आणि मांडवा, सासवणे, आवास, किहीम हा पट्टा इंग्रजी वृत्तपत्रांच्या जीवनशैली पुरवण्यांत ‘मुंबईचे हॅम्पटन्स’ म्हणून गाजू लागला. सिनेतारे आणि क्रिकेटपटूंनी इथे जमिनी घेतल्याच्या बातम्या येतात, त्यांच्या शेजारी प्लॉट आणि व्हिलांच्या जाहिराती. हा मजकूर या गावांविषयी असतो, पण त्यांच्यासाठी नसतो. त्यात किनारा ‘अस्पर्शित’ असतो, म्हणजे तिथे पिढ्यान्‌पिढ्या होड्या लावणारे कोळी आणि भातशेती करणारे आगरी चित्रातच नसतात. ‘अग्निपथ’ या हिंदी चित्रपटाने मांडव्याचे नाव देशभर नेले, 2012 च्या नव्या ‘अग्निपथ’मधला मांडवा तर दीवमध्ये उभा केलेला होता. आपल्या गावाविषयी दुसऱ्यांनी काय लिहिले आणि दाखवले आहे, ते वाचून त्याला प्रश्न विचारता येणे ही इथल्या मुलांची खरीखुरी गरज आहे.

हा धडा शिकवायला महागडी साधने लागत नाहीत. जमिनीची एक इंग्रजी जाहिरात फळ्यावर लावावी. ‘दक्षिण मुंबईपासून एक तास’ हे वाक्य आठवीच्या मुलाला वाचता येते, आणि ते खोटेही नाही. पण पावसाळ्यात गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्याला येणाऱ्या लाँच बंद असतात, हे जाहिरात सांगत नाही. मांडव्याचे मूल सांगू शकते. पुढे महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक शोधायला लावावा. नोंदणी बंधनकारक असलेल्या प्रकल्पाच्या जाहिरातीत तो असलाच पाहिजे, आणि 1 ऑगस्ट 2023 पासून क्यूआर कोडही लागतो. क्रमांक संकेतस्थळावर टाकला की प्रवर्तक कोण, परवानग्या कोणत्या, काम पुरे करण्याची तारीख कोणती, हे उघड होते. व्याकरणही इथेच कामाला येते. कर्मणी प्रयोग परीक्षेपुरता शिकलेला मुलगा ‘जमीन विकसित केली जात आहे’ या वाक्यात करणारा कोण, असे विचारू लागला की त्याला तो प्रयोग खऱ्या अर्थाने कळला.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: मुलांना साधे इंग्रजी वाक्य वाचता येत नाही, तिथे चिकित्सा कसली? अडचण खरी आहे. ग्रामीण भागातील 14 ते 18 वयोगटाच्या 2023 च्या ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत इंग्रजी वाक्ये वाचू शकणारे सुमारे 57 टक्केच निघाले. पण त्याच पाहणीत स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी 90 टक्क्यांहून अधिक मुलांनी आदल्या आठवड्यात समाजमाध्यमे वापरली होती. भाषा येण्याआधीच माध्यम हातात आले आहे. ते आपल्या अभ्यासक्रमासाठी थांबणार नाही. शिवाय भाषा उत्तम आली म्हणजे माणूस फसत नाही, हा समजही टिकत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे सॅम वाइनबर्ग आणि सेरा मॅकग्रू यांनी 2017 मध्ये 10 इतिहासतज्ज्ञ, 10 व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि स्टॅनफर्डचेच 25 विद्यार्थी यांना संकेतस्थळे पारखायला दिली. इंग्रजीत कोणीच कच्चे नव्हते, तरी अनेक इतिहासतज्ज्ञ आणि विद्यार्थी देखण्या संकेतस्थळांना भुलले. तपासनीस मात्र ते पान तसेच ठेवून, ही संस्था कोणाची आणि तिच्याविषयी इतर काय म्हणतात, हे आधी शोधत होते. ही सवयीची बाब आहे, शब्दसंग्रहाची नाही. प्रश्न मराठीत विचारले, चर्चा मराठीत झाली आणि शेवटी दोन वाक्ये इंग्रजीत लिहिली, तरी तास सत्कारणी लागला.

दुसरी भीती अशी की, यातून वर्गात राजकारण शिरेल. शिक्षक आपले मत मुलांच्या गळी उतरवू लागला तर ते वाईटच. पण इथे शिकवायची आहे ती मत बनवण्याआधीची पडताळणी, आणि सुरुवात जाहिरातींपासून करता येते. केरळमध्ये कन्नूर जिल्ह्याच्या प्रशासनाने 2018 मध्ये सरकारी शाळांत खोट्या बातम्या ओळखण्याचे धडे सुरू केले होते. त्याच वर्षी 1 जुलैला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून पाच निरपराधांना जमावाने ठार मारले. न शिकवण्याची किंमत आपण अशी मोजली आहे. मुले कशावरच विश्वास ठेवेनाशी होतील, हीही शंका घेतली जाते. अर्धवट शिकवले तर तसे होईल. म्हणून महारेराचा क्रमांक खरा निघाला, बातमीला दुसरीकडून दुजोरा मिळाला, तर ‘हे विश्वासार्ह आहे’ असे म्हणायलाही शिकवावे लागेल.

राहता राहिला वेळेचा आणि गुणांचा प्रश्न. शिक्षकांवर आधीच अशैक्षणिक कामांचा बोजा आहे. नवा विषय, नवी पुस्तिका, नवे प्रशिक्षण असे काही लादले तर ते कागदावरच राहील. परीक्षेत जे येते तेच वर्गात शिकवले जाते, हे वास्तव आहे, तर बदल तिथूनच करावा. राज्य मंडळाने बातमीचा तो प्रश्न काढू नये, फक्त फिरवावा. मथळा देण्याऐवजी एकाच घटनेच्या दोन छोट्या इंग्रजी बातम्या द्याव्यात आणि विचारावे: दोन्हींत काय जुळते, काय जुळत नाही, कोणाचे म्हणणे आलेलेच नाही, आणि खात्री करायला तुम्ही कोणाला विचाराल? गुण तेवढेच, वेळ तेवढाच. बातमी मनाने रचणाऱ्याला आपण आज गुण देतो. ते तपासणाऱ्याला द्यावेत.