फोन थांबतो, तेव्हा दाढा येऊ लागतात

गरोदर बाईची नोंद सरकारी आरोग्य यंत्रणेत झाली की चौथ्या महिन्यापासून तिच्या मोबाइलवर आठवड्याला एक फोन येऊ लागतो. पलीकडचा आवाज तिला आहार, गोळ्या, लसी आणि बाळंतपणाच्या तयारीविषयी सांगतो. ‘किलकारी’ ही केंद्र सरकारची मोफत सेवा २०१६ मध्ये सुरू झाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रात आली. असे एकूण ७२ ध्वनिसंदेश आहेत. मूल वर्षाचे झाले की ते संपतात.

त्या दिवशी त्या मुलाच्या तोंडात काय असते? साधारण सहा-आठ दात, तेही पुढचे. दाढ बहुधा एकही नसते. दुधाच्या आठही दाढा आणि चारही सुळे त्यानंतर, अडीच-पावणेतीन वर्षांपर्यंत येत राहतात. रात्रीची बाटली, चहात बुडवलेले बिस्किट, रडू नये म्हणून हातात दिलेले गोड पाकीट, हे सगळेही याच काळात सुरू होते. आईला कोणीतरी वेळेवर सांगायला हवे, नेमका तेव्हाच सरकारचा आवाज बंद पडतो. या शांततेची किंमत महाराष्ट्रातली लाखो मुले ठणकणाऱ्या दाढांनी मोजत आहेत, आणि त्याकडे आता दुर्लक्ष करता येणार नाही.

भारतीय दंत परिषदेच्या २००२-०३ च्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांच्या मुलांपैकी ५१.९ टक्के मुलांचे दात किडलेले आढळले होते. म्हणजे पहिलीच्या वर्गात पाऊल टाकण्याआधीच दर दोन मुलांमागे एकाच्या तोंडात कीड होती. ही आकडेवारी वीस वर्षांहून जुनी आहे. तेव्हा पाच रुपयांची गोड पाकिटे वाड्यावस्त्यांवर आजच्याइतकी लटकत नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार दुधाचे दात किडलेल्या मुलांची जगातली संख्या ५१ कोटी ४० लाख आहे. एखाद्या तापाने एवढी मुले आजारी पडली असती तर विधिमंडळात रोज प्रश्न विचारले गेले असते. दातांचे दुखणे मात्र घरातल्या घरात, लवंगेचे तेल लावून आणि गाल शेकून सोसले जाते.

यामागे एक पक्का समज आहे: दुधाचे दात, पडणारच आहेत. आजी हे म्हणते, शेजारीण म्हणते, आणि दुर्दैवाने कधीकधी डॉक्टरही म्हणतात. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात, हे खरे. मागच्या दाढा मात्र दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहायच्या असतात. तिसऱ्या वर्षी किडलेल्या दाढेने मुलाला आणखी सात-आठ वर्षे घास चावायचा असतो. ती दाढ अकाली काढावी लागली की शेजारचे दात त्या जागेकडे सरकतात आणि खालून येणाऱ्या कायमच्या दाताची वाट अडते. मुळाशी पू झाला तर खालच्या कायमच्या दातालाही इजा पोहोचू शकते, चेहरा सुजतो, ताप येतो, आणि संसर्ग पसरला तर मुलाला रुग्णालयात दाखल करावे लागते. इतक्या लहान मुलाचे अनेक दात एका वेळी दुरुस्त करायचे तर पुष्कळदा पूर्ण भूल द्यावी लागते. तो खर्च आणि ती धास्ती रोजंदारीवरच्या कुटुंबाला झेपणारी नाही.

शिवाय दाढ दुखणारे मूल जेवत नाही. भाकरी चावताना कळ येते म्हणून ते मऊ आणि गोड तेवढेच मागते, आणि त्यानेच कीड वाढते. कुपोषणावर आपण किती समित्या नेमल्या, वजनकाट्यांवर किती खर्च केला! मेळघाटात, पालघरमध्ये, नंदुरबारमध्ये वजन न वाढणाऱ्या मुलाचा ओठ उचलून तोंडात किती वेळा पाहिले जाते, हे आरोग्य खात्याने एकदा स्वतःला विचारावे.

ही कीड होते कशी, हे नीट समजून घेतले की संदेशाची वेळ का महत्त्वाची ते कळते. तोंडातले जंतू साखरेवर जगतात आणि आम्ल तयार करतात. ते आम्ल दाताच्या वरच्या कठीण थरातले खनिज विरघळवते. दिवसा लाळ ते आम्ल धुऊन काढते आणि झीज काही अंशी भरूनही देते. झोपेत लाळ फार कमी सुटते. म्हणून साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपलेल्या मुलाच्या दातांवर रात्रभर हल्ला चालू राहतो. दुधाच्या दातांचा तो कठीण थर कायमच्या दातांच्या जवळपास निम्म्याच जाडीचा असतो, त्यामुळे कीड झपाट्याने आत जाते. ती आधी वरच्या पुढच्या चार दातांवर, हिरडीलगत दिसते. सुरुवातीला तिथे खडूसारखा पांढरा पट्टा असतो. या पट्ट्याच्या टप्प्यावर फ्लोराइडने आणि रात्रीची साखर बंद करून कीड थांबवता येते. पट्टा तपकिरी झाला, खड्डा पडला, की ती संधी हातातून जाते. हा काळ काही महिन्यांचाच असतो, आणि त्या महिन्यांत मुलाचा ओठ उचलून बघू शकणारी व्यक्ती आई, बाप किंवा आजी यांच्यापैकीच कोणीतरी असते. दंतवैद्य तिथे नसतो.

म्हणून फोन. यंत्रणेकडे आईचा नंबर आहे, मुलाच्या जन्माची तारीख आहे. ‘किलकारी’ याच नोंदींवर चालते. मुंबईतल्या ‘अरमान’ या संस्थेने ‘एममित्र’ या सेवेतून वस्त्यांमधल्या मातांना अशाच वेळेवर येणाऱ्या ध्वनिसंदेशांची सवय लावली आणि पुढे ‘किलकारी’चे कामही त्याच संस्थेकडे आले. म्हणजे अनुभव महाराष्ट्रातच आहे. हा धागा पहिल्या वाढदिवशी तोडायचा नाही, मूल सहा वर्षांचे होईपर्यंत पुढे न्यायचा, आणि त्यात दातांना हक्काची जागा द्यायची, एवढेच करायचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही मौखिक आरोग्यासाठी मोबाइल कसा वापरावा, याची मार्गदर्शिका २०२१ मध्ये प्रसिद्ध केली आहे.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबांचा विचार करा. दिवाळीच्या सुमाराला घर बंद होते आणि मूल आईबापांबरोबर पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या फडावर जाते. गावची अंगणवाडी मागे राहते, सेविकाताईंची वही मागे राहते. फोन मात्र बरोबर जातो. पाच-सहा महिने त्या कुटुंबापर्यंत पोहोचणारे सरकारचे एकमेव साधन तेच असू शकते.

संदेश कसा असावा, यावर सगळे अवलंबून आहे. ‘दातांची काळजी घ्या’ असे सांगून कोणाचाही दात वाचलेला नाही. सहाव्या महिन्यात सांगायचे: पहिला दात दिसला की रात्री झोपवण्यापूर्वी ओल्या स्वच्छ फडक्याने पुसा. दहाव्या महिन्यात: छोटा मऊ ब्रश आणा, तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट लावा, बोटभर नको. वर्षाच्या आतबाहेर: एकदा दंतवैद्याला दाखवा. चौदाव्या महिन्यात: आज वरचा ओठ उचला, हिरडीपाशी पांढरी रेघ दिसते का बघा. दीड वर्षाला: बाटली सोडवा, रात्री तहान लागली तर पाणी. तिसऱ्या वर्षी: आता पेस्ट मटाराच्या दाण्याएवढी, आणि ब्रश अजून तुमच्याच हातात, कारण सात-आठ वर्षांपर्यंत मुलाला तो नीट फिरवता येत नाही. सहाव्या वर्षीचा संदेश तर कोणीही चुकवू नये: दुधाच्या दाढांच्या मागे जी नवी दाढ आली आहे ती पडणारी नाही, जन्मभराची आहे. किती घरांत ही दाढ दुधाचीच समजून किडू दिली जाते!

काही गोष्टी जपूनही सांगाव्या लागतील. रात्री अंगावर पाजणाऱ्या आईला धास्ती बसेल असे एक वाक्यही जाता कामा नये. दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही स्तनपान हवेच, फक्त दात आल्यावर ते पुसण्याची सवय लावायची. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे आणि तिथल्या दातांवर त्याचे डाग दिसतात. तिथला संदेश तज्ज्ञांनी पाण्याच्या तपासण्या समोर ठेवून वेगळा लिहायला हवा. कोरकू, वारली, अहिराणी बोलणाऱ्या आईला तिच्याच बोलीत सांगायला हवे. ज्या घरांत मिश्रीची डबी असते तिथे ती लहान मुलाच्या हिरडीला लावू नका, हेही स्पष्ट सांगायला हवे.

आणि फोन कोणाचा? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या स्त्रियांचे देशातले प्रमाण ५४ टक्के होते. उरलेल्या घरांत फोन नवऱ्याच्या खिशात असतो. मग संदेश बापालाही उद्देशून का नसावा? संध्याकाळी कामावरून येताना पाकीट आणणारा बहुधा तोच असतो. वाचता येणाऱ्यांना लिखित संदेशही पाठवावा, कारण तो जपून ठेवता येतो आणि सासूबाईंना दाखवता येतो. न वाचणाऱ्यांसाठी आवाज हवाच.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. संदेश म्हणजे लस नव्हे. ब्रिटनमध्ये ‘ब्राइट’ नावाच्या मोठ्या चाचणीत ४२ माध्यमिक शाळांतल्या मुलांना वर्गात एक पाठ देऊन नंतर ब्रशची आठवण करणारे संदेश मोबाइलवर पाठवले गेले. सहा महिन्यांनी दिवसातून दोनदा ब्रश करणाऱ्यांचे प्रमाण वाढलेले दिसले. अडीच वर्षांनी किडीत फरक पडलेला नव्हता. ती मुले अकरा ते तेरा वर्षांची होती. आपण इथे बोलतो आहोत ते तान्ह्यांच्या पालकांविषयी, जेव्हा सवयी अजून घडायच्या असतात. तरीही त्या निष्कर्षाकडे पाठ फिरवून चालणार नाही. नुसती आठवण विरत जाते. तिच्या जोडीला हातात ब्रश, पेस्ट आणि रोजचा सराव लागतो.

हे स्कॉटलंडने करून दाखवले. तिथल्या ‘चाइल्डस्माइल’ कार्यक्रमात बालवाडीत मुले रोज शिक्षकांच्या देखरेखीखाली दात घासतात, ब्रश-पेस्ट मोफत मिळते, आणि गरजू घरांपर्यंत आरोग्य कार्यकर्ते जातात. २००३ मध्ये तिथल्या पहिलीतल्या निम्म्याहून कमी मुलांचे दात किडीपासून सुटलेले होते. पुढच्या दीड-दोन दशकांत ते प्रमाण सत्तर टक्क्यांपुढे गेले. महाराष्ट्रात लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. खिचडीनंतर पाच मिनिटे सगळ्यांनी मिळून दात घासणे तिथे अशक्य नाही. फक्त त्यासाठी सेविकाताईंच्या माथी आणखी एक तक्ता आणि आणखी एक ॲप मारू नये. मानधनासाठी त्यांना रस्त्यावर उतरावे लागते. त्यांच्या कामात भर घालायची तर मोबदल्यातही घातली पाहिजे.

आणखी एक धोका आत्ताच ओळखून ठेवावा. अशी सेवा सुरू होणार म्हटल्यावर टूथपेस्ट कंपन्या प्रायोजकत्वाचे प्रस्ताव घेऊन येतील. ते नाकारावेत. २०२४ मध्ये ‘पब्लिक आय’ या स्विस संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या एका नामांकित शिशुआहारात वरून घातलेली साखर दाखवून दिली होती. बाळाच्या तोंडाशी बाजार किती लवकर पोहोचतो, याचा तो पुरावा होता. आईच्या फोनवर येणाऱ्या सरकारी आवाजात कुठल्याही ब्रँडचे नाव ऐकू येता कामा नये, आणि तिचा नंबर कोणाच्याही हाती पडता कामा नये.

राहिला शेवटचा आणि सर्वात अवघड भाग. आईने ओठ उचलला, पांढरी रेघ पाहिली, ती घाबरली. आता तिने जायचे कुठे? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याच्या तपासणीत दातांचे आजार आहेत आणि पथकांनी अंगणवाडीत वर्षातून दोनदा जायचे आहे. पण तपासणीनंतर उपचार मिळाला नाही तर कागदावरची खूण दात वाचवत नाही. लहान मुलांची कीड ड्रिलशिवाय थांबवणारे सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे औषध जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. ते लावायला मोठी यंत्रे लागत नाहीत. दात काळा पडतो, हे पालकांना आधी सांगावे लागते, इतकेच. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांतले इंटर्न ठरलेल्या वारी तालुक्याला पाठवता येतील. दर संदेशाच्या शेवटी आईला ऐकू आले पाहिजे की तिच्या तालुक्यात दंतवैद्य कोणत्या रुग्णालयात, कोणत्या वारी, किती वाजेपर्यंत बसतो. ज्या तालुक्यांसाठी हे वाक्य आज लिहिता येत नाही, त्यांची यादी आरोग्य खात्याने येत्या अधिवेशनात सभागृहासमोर ठेवावी आणि तिथल्या खुर्च्या केव्हा भरणार, याची तारीख द्यावी.