मोकळा तास, कुलूपबंद कपाट आणि मधली सुट्टी

तिसऱ्या तासाची घंटा होते. गणिताचे सर निवडणुकीच्या कामाला गेलेले असतात. पहिली दोन मिनिटं आठवी ‘ब’ चिडीचूप असते, सगळ्यांचे डोळे दाराकडे. सर येत नाहीत अशी खात्री पटली की बाकं वाजू लागतात. मग मॉनिटर उठतो, खडू घेतो, फळ्याच्या कोपऱ्यात ‘बोलणारी मुले’ असं लिहून त्याखाली रेघ ओढतो.

महाराष्ट्रातल्या हायस्कुलात शिकलेल्या कुणालाही हे दृश्य सांगावं लागत नाही. मॉनिटरच्या हातातला तो खडू म्हणजे केवढी सत्ता! कुणाचं नाव लिहायचं, कुणापुढे फुल्या वाढवायच्या आणि कुणाचं नाव सर येण्याआधी हळूच पुसायचं, हे सगळं त्याच्याकडे. चार बोरं किंवा चिंचेचं एक बोटुक यावर नावं पुसली गेल्याचं आज आजी-आजोबा झालेली मंडळीही हसत हसत कबूल करतात.

शिक्षक गैरहजर राहणार हे शाळेला टाळता येण्यासारखं नाही. शिक्षण हक्क कायद्याने २००९ साली शिक्षकांवरची बिनशैक्षणिक कामं कमी करायचं ठरवलं खरं. पण जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका ही तीन कामं त्यातून वगळली. त्यात आजारपण, प्रशिक्षणवर्ग आणि रिकामी राहिलेली पदं मिळवली, की वर्गाच्या वाट्याला असे तास येतच राहतात. ते कसे भरायचे ही जबाबदारी पर्यवेक्षकांची. सकाळीच त्यांचं बदली तासांचं रजिस्टर घेऊन शिपाईमामा शिक्षक-खोलीत फिरतात आणि एकेकाची सही घेतात. सही करणाऱ्याचा चेहरा तेव्हा पाहावा! ज्या बाईंना सहा तासांत एकच तास मोकळा असतो आणि त्यातच दीड गठ्ठा वह्या तपासायच्या असतात, त्या आठवी ‘ब’वर हसतमुखाने जातील अशी अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. मग बाई खुर्चीवर बसून वह्या तपासतात आणि साठ मुलं हाताची घडी घालून, तोंडावर बोट ठेवून पस्तीस मिनिटं बसतात. बाईंचा दोष नाही, मुलांचाही नाही. नियमच एवढा आहे: आवाज येता कामा नये.

हा नियम शेजारच्या वर्गाच्या सोयीचा असतो. शिकणाऱ्याच्या सोयीचा नियम वेगळा दिसेल. मोकळ्या तासाला काय करायचं नाही हे सगळ्यांना पाठ असतं. काय करायचं, हे कुणी सांगितलेलं नसतं. दोघांनी मिळून हलक्या आवाजात गणित सोडवलं तर ते बोलणं म्हणायचं का? दप्तरात गोष्टीचं पुस्तक असेल तर ते काढून वाचायचं का? अनेक वर्गांत गोष्टीचं पुस्तक ‘अवांतर’ म्हणून जप्त होतं आणि वार्षिक परीक्षेनंतर परत मिळतं. ज्या शाळेने वर्षाच्या सुरुवातीला मुलांशी बोलून तीन-चार गोष्टी ठरवून टाकल्या (स्वतःचा अभ्यास चालेल, वाचन चालेल, जोडीने कुजबुजत गणित चालेल, जागा सोडून भटकणं चालणार नाही), तिथे बदली तासाला आलेल्या बाईंच्या वह्याही तपासून होतात. आणि फळ्यावरची ती रेघ ओढायची वेळ मॉनिटरवर क्वचितच येते. पोरांना नियम नको असतात असं थोडंच आहे? मैदानावर एका चेंडूवरून ती पंधरा नियम करतात आणि पाळतातही.

अशा तासाला मुलं ग्रंथालयात का जात नाहीत, हा प्रश्न कुणीतरी विचारायला हवा. बहुतेक हायस्कुलांना ग्रंथालय असतं. म्हणजे एक खोली असते, तिच्यात लोखंडी कपाटं असतात, कपाटांना कुलपं असतात आणि किल्ल्या ग्रंथपालांच्या पर्समध्ये असतात. कितीतरी अनुदानित शाळांत हे पद अर्धवेळ आहे. ग्रंथपाल सकाळच्या सत्रात येऊन गेले की दुपारच्या वर्गांना किल्ली कुठून मिळणार? त्यातून ग्रंथपालांचीही एक भीती असते. प्रत्येक पुस्तकाला दाखल अंक असतो, वर्षाअखेरीला मोजणी होते, आणि हरवलेल्या पुस्तकाचा जाब त्यांनाच द्यावा लागतो. फाटकं पुस्तक नोंदीतून काढायचं तर त्याचं रीतसर निर्लेखन हवं. त्या कागदपत्रांपेक्षा पुस्तक कपाटातच राहिलेलं बरं! अशा परिस्थितीत पुस्तक देणं हा धोका आणि न देणं ही सुरक्षितता ठरते.

मग पुस्तकवाटप कसं होतं? आठवड्यातून एकदा, हजेरी क्रमांकाने, गठ्ठ्यातलं वरचं पुस्तक. एक नंबरला थोर पुरुषाचं चरित्र, दोन नंबरला शेळीपालन, तीन नंबरला ज्याची शेवटची आठ पानं गेली आहेत अशी रहस्यकथा. पुढच्या आठवड्यात ती न वाचताच परत येतात. मुलं वाचत नाहीत असा निष्कर्ष काढायला एवढा पुरावा पुरतो.

डॉ. एस. आर. रंगनाथन यांचा जन्मदिवस, १२ ऑगस्ट, आपल्याकडे ग्रंथपाल दिन म्हणून साजरा होतो. शाळांत त्या दिवशी त्यांच्या तसबिरीला हार घातला जातो. हा माणूस मुळात गणिताचा प्राध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचा ग्रंथपाल झाल्यावर तिथल्या शुकशुकाटाला तो इतका कंटाळला की पुन्हा शिकवायला पाठवा म्हणून मागे लागला. इंग्लंडमध्ये जाऊन ग्रंथालयं पाहिल्यावर मात्र त्याचं मन बदललं. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त मांडले. त्यातला पहिला एवढाच, की पुस्तकं वापरण्यासाठी असतात. दुसरा आणि तिसरा, वाचकाला त्याचं पुस्तक आणि पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. युरोपात एके काळी पुस्तकं साखळीने बांधून ठेवत, याची आठवण रंगनाथनांनी करून दिली होती. हार घालून झाल्यावर त्याच खोलीतल्या कपाटांच्या कुलपांकडे कुणी पाहिलं तर बरं.

त्याच्याही आधी, १९१० साली, सयाजीराव गायकवाडांनी अमेरिकेतून बोर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावून बडोदे संस्थानात सार्वजनिक ग्रंथालयांचं जाळं विणलं. पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगावी जात. पेटी यायची, गाव वाचायचं, पेटी पुढे जायची. शाळेत ही युक्ती आजही फुकटात जमते. ग्रंथपाल अर्धवेळ असला तरी प्रत्येक वर्गात चाळीस पुस्तकांची एक पेटी ठेवता येते, दोन मुलं तिचं रजिस्टर सांभाळू शकतात आणि महिन्याने आठवी ‘अ’ची पेटी ‘ब’कडे जाते. दोन-चार पुस्तकं हरवतील. ती हरवणार हे मुख्याध्यापकांनी आधीच गृहीत धरून ग्रंथपालांच्या डोक्यावरचं ओझं उतरवलं पाहिजे, नाहीतर ही योजना पहिल्या सत्रातच कपाटात जाईल.

दंडाबद्दलही थोडं. पुस्तक उशिरा दिल्याबद्दल रोजी एक रुपया हा नियम वरवर निरुपद्रवी वाटतो. ज्याच्या खिशात रुपया असतो तो देतो आणि विसरतो. ज्याच्या घरी दहा रुपये मागायची सोय नसते ती मुलगी मात्र पुस्तक गादीखाली लपवते आणि ग्रंथालयाची पायरी पुन्हा चढत नाही. पैशांऐवजी चार पुस्तकांना कव्हरं घालून द्यायची शिक्षा ठेवली तर पुस्तकंही टिकतात आणि मुलगीही.

आता मधली सुट्टी. अर्ध्या तासाच्या या सुट्टीत शाळा उघडी पडते. घंटा झाली की काही डबे चारचौघांत उघडतात, काही कोपऱ्यात, झाकण आडवं धरून. आज कुणाकडे काय आहे हे अख्ख्या वर्गाला वासावरून कळतं. अलीकडे इंग्रजी माध्यमाच्या शाळा डब्यात काय आणायचं याचा वारनिहाय तक्ता घरी पाठवतात. सोमवारी पोळी-भाजी, मंगळवारी इडली, बुधवारी मोड आलेली कडधान्यं. हेतू चांगलाच असतो. पण सकाळी सहाला कामावर निघणारी आई मंगळवारी इडलीचं पीठ आदल्या रात्री कधी वाटणार, हा विचार तक्ता करणाऱ्याने केलेला नसतो. डबा उघडून तपासणं आणि ‘हे काय आणलंस?’ असं सगळ्यांदेखत विचारणं, हे तर कुठल्याच नियमात बसू नये. भाकरी-ठेच्याने कुणाचं काही बिघडलेलं नाही. बिघडतं ते पाकिटातल्या खारट-गोड खाऊने. म्हणूनच अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० सालच्या नियमांनी असे पदार्थ शाळेच्या उपाहारगृहात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकायला मनाई केली. फाटकाबाहेर दोरी घेऊन मोजायला मात्र सहसा कुणी जात नाही.

पण मधल्या सुट्टीतला खरा प्रश्न डब्यात काय आहे हा नाहीच. डबा आहे की नाही, हा आहे.

शाळेत जेवण देण्याची सुरुवात मोठ्या प्रमाणावर मद्रास राज्यात कामराज यांनी १९५६ साली केली. १९८२ साली एम. जी. रामचंद्रन यांनी ती पुष्कळ वाढवली. देशभराची योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी आली. तेव्हा बऱ्याच राज्यांत मुलांना शिजलेलं अन्न मिळत नव्हतं. हजेरी पुरेशी भरली की महिन्याला तीन किलो धान्य पिशवीतून घरी जायचं. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी शिजवलेलंच अन्न द्या असा आदेश दिला आणि मग शाळाशाळांतून खिचडीचा वास येऊ लागला. पुढे सहावी ते आठवीच्या मुलांनाही ती मिळू लागली. सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं असं तिचं माप ठरलेलं आहे. २०२१ मध्ये योजनेचं नाव बदलून ‘पीएम पोषण’ झालं.

ही देशव्यापी योजना आठवीला थांबते. महाराष्ट्रातलं हायस्कूल मात्र बहुधा पाचवी ते दहावी असतं, एका इमारतीत, एका घंटेवर. मे महिन्यापर्यंत जो मुलगा ताटली घेऊन रांगेत उभा असायचा, तो जूनमध्ये नववीत येतो आणि रांग त्याच्यासाठी संपते. मधल्या सुट्टीत धाकटी बहीण व्हरांड्यात बसून खिचडी खाते. तो नळावर पाणी पितो आणि मित्रांना सांगतो, ‘मला भूक नाही रे.’ कालपर्यंत भूक होती ती उन्हाळ्यात कुठे गेली, हे वर्गशिक्षकांच्या ध्यानात येतंच. पातेल्याच्या तळाशी उरलेलं त्याला हाक मारून देणाऱ्या मावशी आणि सर जवळजवळ प्रत्येक शाळेत आहेत. हिशेबाच्या वहीत ते कुठे दिसत नाही आणि दिसूही नये. मात्र ‘उरलं तर’ या दोन शब्दांवर चौदा वर्षांच्या वाढत्या मुलाचं दुपारचं जेवण अवलंबून राहतं.

हे सगळीकडे असंच आहे असं नाही. तमिळनाडूने १९८४ पासून दहावीपर्यंत जेवण दिलं. कर्नाटकातही सरकारी आणि अनुदानित शाळांत नववी-दहावीच्या मुलांना राज्याच्या खर्चाने जेवण मिळतं. म्हणजे बेळगावच्या मराठी शाळेतला नववीचा विद्यार्थी दुपारी जेवतो आणि सीमेच्या अलीकडे, चंदगड तालुक्यातला त्याचाच मामेभाऊ जेवत नाही. सीमाप्रश्नावर इतकी वर्षं इतकं बोललं गेलं, त्यात हा मुद्दा कधी फारसा आला नाही.

पाण्याचंही असंच. पाणी तहान लागल्यावर प्यावं, त्याला नियम कशाला, असं वाटेल. पण शाळेतलं स्वच्छतागृह घाणेरडं किंवा कडी नसलेलं असलं की मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. बाटली भरलेली येते आणि भरलेलीच घरी जाते. आई म्हणते, आठवणीने प्यावं ना गं! केरळातल्या शाळांनी २०१९ मध्ये ‘पाण्याची घंटा’ सुरू केली. दिवसातून ठरावीक वेळी ती वाजते आणि सगळा वर्ग एकदम पाणी पितो. कर्नाटकनेही लगेच ती उचलली. घंटेला खर्च नाही. कडीला आहे, पण फार नाही. पालकसभेत सहामाहीच्या गुणांवर दोन तास चर्चा करणाऱ्या आई-वडिलांनी पाच मिनिटं उठून ते स्वच्छतागृह पाहून यावं, आणि आल्यावर मुख्याध्यापकांना पहिला प्रश्न त्याचाच विचारावा. दुसरा प्रश्न नववीच्या वर्गात किती मुलं डबा आणत नाहीत, हा. वर्गशिक्षकांना आकडा तोंडपाठ असतो. विचारणारं कुणी आलेलं नसतं.